तारखेआधीची बैठक

या महिन्यातल्या पत्रांत एक वाक्य फिरून फिरून आलं : "ताई, कोर्टाची पायरी चढायची नाही." मी बावीस वर्षं कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक होते, निवृत्तीनंतर घटस्फोट आणि घरगुती वादांत मध्यस्थीचं काम करते. सकाळी अकराला येऊन बाकावर बसलेली, दुपारी तिथेच डबा खाल्लेली आणि चार वाजता पुढची तारीख घेऊन एसटीने परत निघालेली माणसं मी रोज पाहिली आहेत. त्यामुळे ही धास्ती मला कळते. यावेळचं सगळं सदर याच प्रश्नांना देते आहे. पत्रं आटोपती केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

प्रश्न : मी ३७ वर्षांची, नवरा ४० चा. लग्नाला ११ वर्षं झाली, मुलगी तिसरीत आहे. दीड वर्षापेक्षा जास्त काळ आम्ही एकाच फ्लॅटमध्ये वेगवेगळ्या खोल्यांत राहतो. मारहाण नाही, तिसरं माणूस नाही. आमचं जमत नाही हे दोघांनीही आता मान्य केलंय. पण घरी कळल्यापासून माझा मामा म्हणतो, "आधी छळाची ४९८ ची केस टाक, मग बघ कसा सुतासारखा सरळ येतो." तिकडे त्याच्या बहिणीचे यजमान त्याला सांगतात, फ्लॅट आधी स्वतःच्या नावावर करून घे. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, आजचा भाव साधारण ८५ लाख, कर्ज ४१ लाख बाकी, हप्ता ४६ हजार. माझा पगार ७८ हजार, त्याचा १ लाख १० हजार. आम्हाला कोर्टकचेरी न करता वेगळं व्हायचंय. होईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : होईल. पण हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न मोडायचा अधिकार न्यायालयाचा आहे, तेव्हा शेवटचा शिक्का कोर्टाचाच लागणार. त्याच्या आधीचं सगळं, म्हणजे पैसा, घर, दागिने आणि मुलगी, हे तुम्ही दोघं एका टेबलाशी बसून ठरवू शकता आणि ठरलेलं हातात घेऊन कोर्टात जाऊ शकता. आपल्याकडे ज्याला सगळे 'म्युच्युअल' म्हणतात तो हाच रस्ता : १९५५ च्या कायद्यात १९७६ साली घातलेलं कलम १३-ब.

या कलमाखाली अर्ज करायला किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, एकत्र नांदणं अशक्य झालेलं असावं लागतं आणि दोघांची संमती लागते. एकाच फ्लॅटमध्ये राहतो म्हणून घाबरू नका. वेगळं राहणं म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं, छप्पर एक असलं तरी चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं आहे. अर्ज टाकल्यावर सहा महिने थांबायचं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन तीच संमती द्यायची, असा क्रम आहे. सप्टेंबर २०१७ च्या निकालानंतर हे सहा महिने न्यायाधीश माफ करू शकतात. त्यासाठी अर्जाच्या आधीच दीड वर्ष वेगळं राहून झालेलं असलं पाहिजे, समेटाचे प्रयत्न करून संपलेले असले पाहिजेत आणि पोटगी, ताबा हे सगळं खरोखर मिटलेलं असलं पाहिजे. तुमचं दीड वर्ष भरलेलं आहे. आता मिटवायचं तेवढं राहिलं.

बसायचं कुठे? खासगी मध्यस्थ मिळतात. तेवढा खर्च नको असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा; त्यांचं मध्यस्थी केंद्र असतं, आणि बाईला तिथे मोफत वकील मिळतो, तिचा पगार कितीही असो. फोन १५१००. मध्यस्थ निकाल देत नाही, कोण चुकलं ते सांगत नाही. तिथे बोललेलं तिथेच राहतं, उद्या कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. २०२३ च्या मध्यस्थी कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे. त्यामुळे माणसं जरा मोकळी होतात. मामा आणि मेहुण्यांना मात्र घरी ठेवा. आणि एक माझा आग्रह : अर्ज लिहायला एकच वकील असला तरी चालेल, पण सही करण्याआधी दोघांनी आपापल्या वेगळ्या वकिलाकडून मसुदा वाचून घ्यायचा. एकच वकील दोघांचं हित एकाच वेळी पाहू शकतो, यावर माझा विश्वास नाही.

पहिल्या बैठकीला पैशांचे कागद. पगाराच्या पावत्या, बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट, पीएफ, म्युच्युअल फंड, एलआयसी, कार्डाची थकबाकी, आईवडिलांकडून घेतलेले हातउसने, सगळं. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या दाव्यांत दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र भरणं सक्तीचं केलं. तोच नमुना तुम्ही भांडण नसताना आपणहून भरा. मी पाहिलेल्या बैठका बहुतेक आकड्यांवरून मोडल्या नाहीत. एखादं लपवलेलं खातं तिसऱ्या बैठकीत बाहेर आलं आणि मोडल्या. त्यानंतर समोरच्याचं खरं बोलणंही खोटं वाटायला लागतं.

फ्लॅटचं गणित करून बघा. ८५ मधून ४१ वजा, उरतात ४४. निम्मे धरले तर प्रत्येकी २२ लाख. पण सुरुवातीची रक्कम कुणी भरली, हप्ते कुणाच्या खात्यातून गेले, नोकरी सोडून घरी कोण बसलं होतं, हेही बोलायला हवं. कारण लग्नानंतरचं सगळं निम्मं-निम्मं असा कायदा महाराष्ट्रात नाही. (गोव्याच्या वाचकांचं वेगळं आहे. तिथे पोर्तुगीज नागरी संहितेमुळे लग्नानंतरची मालमत्ता साधारणपणे दोघांची सामाईक समजतात.) ज्याला घर ठेवायचं त्याने दुसऱ्याला किती आणि कधी द्यायचं ते लिहा. आणि बँकेकडे आधी जा. हप्ता तो भरेल असं तुमच्या कागदात कितीही ठळक लिहिलं, तरी कर्जावरचं तुमचं नाव बँक काढत नाही तोवर बँकेसाठी तुम्ही देणेकरीच. नाव काढायला बँक तयार आहे का, त्याच्या एकट्याच्या पगारावर ते कर्ज बसतंय का, हे कळल्याशिवाय घरावर चर्चा करू नका. दस्त हक्कसोडपत्राचा की आणखी कुठला, हेही अंतिम हुकमाच्या आधी दुय्यम निबंधकाकडे विचारा. मुद्रांक शुल्क ठरताना नवरा-बायको असण्याने फरक पडतो.

तुमचे दागिने, माहेरहून आलेलं, लग्नात तुम्हाला मिळालेलं हे स्त्रीधन. ते वाटाघाटीत आणायचंच नाही. कपाटातून काढायचं, यादी करायची, घेतल्याची सही द्यायची.

आता मुलीबद्दल. इथे मी जरा थांबते, कारण इथे माझ्या हातून एक चूक झाली होती आणि ती मला आजही टोचते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका जोडप्याच्या संमतीच्या अटी माझ्यासमोर आल्या. त्यात एक ओळ होती : "वडिलांना मुलाला सोयीनुसार भेटता येईल." दोघंही समंजस होते, हसून सही करत होते. मी ती ओळ तशीच जाऊ दिली. दोन वर्षांनी दोघं परत आले, यावेळी दरखास्त, म्हणजे हुकमाची अंमलबजावणी मागणारा अर्ज, घेऊन. 'सोयीनुसार' म्हणजे कुणाच्या सोयीने, यावर दर रविवारी सोसायटीच्या गेटपाशी भांडण. मुलगा सात वर्षांचा. तो कोर्टातल्या मुलांच्या खोलीत मोजे घालून बसला होता, बूट शेजारी ठेवलेले. शिपाईमामा म्हणाले, बाळा बूट घाल, फरशी गार आहे. तो म्हणाला, "बूट घातले की कुणाकडे तरी जावं लागतं." त्या दिवसापासून 'सोयीनुसार', 'आपसांत ठरवून', 'योग्य त्या वेळी' हे शब्द मी कुठल्याच मसुद्यात राहू देत नाही.

मग काय लिहायचं? वार लिहायचा, वेळ लिहायची. बुधवारी संध्याकाळी सहाला बाबा कथकच्या क्लासवरून घेईल, साडेआठला जेवून घरी सोडेल. एक आड एक शुक्रवारी शाळेतून थेट बाबांकडे, रविवारी संध्याकाळी सातला आईकडे. उशीर होणार असेल तर एक तास आधी मेसेज. आजारी असेल तर भेट रद्द करायची की घरी येऊन भेटायचं, तेही ठरवा. दप्तर, चष्मा, औषधं कोण सोबत देणार? चष्म्यावर हसू नका. एका बैठकीत आम्ही पाऊण तास चष्म्यावर काढला होता आणि शेवटी दोन चष्मे करायचे ठरले. पासपोर्ट कुणाकडे राहील? शाळेच्या अर्जावर दोघांचे नंबर राहतील ना? पालकसभेला दोघं जाणार का?

सणांचं आत्ताच ठरवा, कारण नाहीतर दर श्रावणात वाद सुरू होतो. एका घरात वडिलांचा गणपती गुहागरला आणि आईच्या माहेरी गौरी. दोघांनाही मुलगी आपल्याकडे हवी, दोन तास कुणी हलेना. मी विचारलं, मुलगी तिथे नक्की काय करते? वडील म्हणाले, "आरतीला झांजा वाजवते आजोबांबरोबर." आई म्हणाली, "गौरींची पावलं तीच काढते, तिच्याच हाताचे ठसे असतात." मग पहिले दोन दिवस कोकणात झांजा आणि गौरी आवाहनाच्या आदल्या संध्याकाळी पुण्यात परत, असं लिहून झालं. दिवाळीत लक्ष्मीपूजन एका घरी, भाऊबीज दुसऱ्या, पुढच्या वर्षी उलट. मे महिन्याचे दोन भाग, कुणाचा पहिला ते मार्चच्या १५ तारखेपर्यंत कळवायचं.

मुलीचा खर्च महिन्याच्या ठोक रकमेत बांधू नका. फी, बस, क्लास, डॉक्टर, विमा यांची यादी करा आणि पगाराच्या प्रमाणात भाग पाडा. तुमच्या बाबतीत ढोबळमानाने त्याचे ५९ आणि तुमचे ४१ टक्के येतात. फी दरवर्षी वाढते, तर हा आकडाही दर जूनला नव्याने बघायचा. स्वतःची पोटगी नको म्हणालात तर तो तुमचा निर्णय. मुलीचा खर्च सोडून देण्याचा अधिकार तुम्हाला नाही, तो तिचा हक्क आहे. आणि तिला कुणाकडे राहायचं हे कृपया विचारू नका. तिला काय काय हवंय ते विचारा, निवड तिच्या डोक्यावर टाकू नका.

अंतिम हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून दमून, रडून, रात्री एकला सही घेऊ नका आणि देऊ नका. मसुदा आठ दिवस उशाशी ठेवा. एकरकमी द्यायचे असतील तर सहसा काही भाग पहिल्या अर्जाच्या दिवशी आणि उरलेला अंतिम हुकमाच्या दिवशी, डीडीने, असं ठरवतात. त्याने दोघंही निर्धास्त राहतात.

मामांना सांगा : ते ४९८-अ कलम खऱ्या छळासाठी आहे (आता ते भारतीय न्याय संहितेत ८५ आहे), आणि ज्यांना खरोखर छळलं जातं त्यांच्यासाठी ते टिकलं पाहिजे. सौदा पटवायला टाकलेली फौजदारी तक्रार मागे घेणं सोपं नसतं. त्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं, तोवर बैठकही मोडलेली असते.

प्रश्न : माझं लग्न २०१९ ला झालं, वर्षभरात आमचं बिनसलं. तीन वर्षांपूर्वी दोन्हीकडची जाणती माणसं, पोलीस पाटील, सरपंच अशी बैठक बसली. भांडी-दागिने परत केले, तीन लाख दिले आणि ५०० च्या स्टँपवर फारकत लिहून नोटरी केली. आता मला दुसरं स्थळ आलंय. मुलीचे वडील म्हणतात, कोर्टाचा कागद दाखवा. आमच्या समाजात अशीच सोडचिठ्ठी चालते. हा कागद पुरेसा आहे ना? – एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : नाही. मुलीच्या वडिलांचं बरोबर आहे. स्टँप ५०० चा असो की ५००० चा, नोटरीने लग्न मोडत नाही. नोटरी फक्त सांगतो की ही सही या माणसाने माझ्यासमोर केली. तुमचं पहिलं लग्न कायद्याने आजही उभं आहे. या स्थितीत दुसरं केलंत तर ते लग्न अवैध आणि तुमच्यावर द्विभार्येचा गुन्हा, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा. ज्या मुलीला घरात आणाल तिची सर्वांत जास्त फसगत होईल.

रूढीने होणारा काडीमोड कायद्याने मानला आहे, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मध्ये. पण 'आमच्यात चालतं' एवढं सांगून भागत नाही. ती रूढी फार जुनी आहे, सतत पाळली जाते, हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावं लागतं. त्या वाटेने जाण्यापेक्षा एक सोपी वाट तुमच्याकडे आहे.

तुमची बैठक फुकट गेलेली नाही. देणंघेणं झालं आहे, तीन वर्षं वेगळे आहात, कटुता नाही. पहिल्या पत्नीच्या घरी एखाद्या जाणत्या माणसाला पाठवा, तिलाही मोकळा कागद हवाच असणार. दोघांनी मिळून १३-ब खाली अर्ज करा आणि ती फारकत अर्जासोबत जोडा, ठरलेल्या अटींचा पुरावा म्हणून. सहा महिने माफ करण्याची विनंती करायला तुमच्यासारखं प्रकरण योग्य आहे. अंतिम हुकमाची सहीशिक्क्याची नक्कल हातात येईपर्यंत नव्या सोयरिकीची सुपारीही फोडू नका.

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे. नवरा मारतो. गेल्या महिन्यात कानाला लागलं, अजून नीट ऐकू येत नाही. माहेरचे आणि सासरचे बसून मिटवू म्हणतात, कोर्टात गेलं तर नाव जातं म्हणतात. तुम्ही पण नेहमी सामोपचाराचं लिहिता. मी बैठकीला जाऊ का? – नाव देऊ नका

उत्तर : तू माझ्या मुलीपेक्षा लहान आहेस म्हणून एकेरीत लिहिते. बाळ, जाऊ नकोस. टेबलाशी बसायला दोन्ही बाजूंना न घाबरता 'नाही' म्हणता आलं पाहिजे. ज्याच्या हाताची भीती वाटते त्याच्यासमोर तू कशालाही 'हो' म्हणशील, आणि त्याला लोक तडजोड म्हणतील. मी सामोपचाराचं लिहिते ते तुझ्यासारख्या मुलीसाठी नाही, आणि हे मी दर वेळी स्पष्ट लिहायला हवं होतं.

आधी सरकारी दवाखान्यात कान दाखव आणि कशाने लागलं ते डॉक्टरला खरं सांग, केसपेपरवर ते लिहिलं जाऊ दे. तो कागद जपून ठेव. महिला हेल्पलाइन १८१, अंगावर आला तर ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली तुमच्या भागासाठी संरक्षण अधिकारी नेमलेला असतो. तो तुझा अहवाल तयार करून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतो. त्यांच्याकडून तुला मारहाणीला मनाई, राहत्या घरात राहण्याचा हक्क, दवाखान्याचा खर्च हे मागता येतं. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून, एक पैसा न देता. पुढे कधी न्यायदंडाधिकाऱ्यांनीच समुपदेशनाला पाठवलं तर लक्षात ठेव : या कायद्याच्या नियमांतच म्हटलंय की तिथे नवऱ्याला मारहाणीचं समर्थन करू द्यायचं नाही. 'हिने उलट उत्तर दिलं म्हणून' हे वाक्य तिथे ऐकून घ्यायचंच नसतं.

माहेरच्यांना हे पत्र वाचून दाखव. नाव कुणाचं जातं याची काळजी मारणाऱ्याच्या घरच्यांनी करावी.

प्रश्न : आमचं लग्न नाशिकला झालं, दहा वर्षं न्यू जर्सीत आहोत. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी त्याची बायको म्हणून मिळालेल्या एच-४ वर, मुलगा इथेच जन्मलेला, सहा वर्षांचा. दोघांना शांतपणे वेगळं व्हायचंय. इथल्या वकीलबाईंनी 'कोलॅबरेटिव्ह' पद्धत सुचवली. ती नक्की काय असते आणि इथला घटस्फोट भारतात चालतो का? – एक वाचक, एडिसन

उत्तर : ही पद्धत मिनियापोलिसच्या स्टू वेब या वकिलाने १९९० मध्ये सुरू केली. वर्षानुवर्षं घटस्फोट लढवून ते थकले होते. यापुढे मी फक्त मिटवायला वकील असेन, कोर्टात जायची वेळ आली तर दुसरा वकील बघा, असं त्यांनी जाहीर केलं. पद्धतीचा कणा आजही तोच आहे. दोघांचे आपापले वकील असतात, चौघं एकत्र बसतात आणि आधीच एक करार करतात : बोलणी फिसकटून प्रकरण कोर्टात लढायला गेलं, तर दोन्ही वकील बाजूला होतील. त्यामुळे भांडण लांबवण्यात वकिलाचा फायदा उरत नाही. लागेल तसा पैशांचा एक तटस्थ जाणकार आणि मुलांसाठी एक जाणकार बोलावतात. तुमच्या राज्यात यासाठी २०१४ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आहे. भारतात असा कायदा नाही, आणि व्हायला हवा असं मला फार वाटतं. माझ्या अनुभवात निम्मी कटुता नोटिशीच्या भाषेतूनच आलेली असते.

भारतात चालण्याबद्दल : १९९१ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपल्या कायद्यात नसलेल्या कारणावर परदेशी कोर्टाने दिलेला घटस्फोट इथे सहसा मानला जाणार नाही, दुसऱ्या बाजूने आपखुशीने त्या कोर्टाचा अधिकार मान्य करून संमती दिली असेल तर गोष्ट वेगळी. 'मतभेद मिटण्यासारखे नाहीत' हे न्यू जर्सीतलं कारण आपल्या कायद्यात नाही. म्हणून दोघांनी भाग घेतला, दोघांची संमती आहे, हे तिथल्या कागदांवर स्पष्ट यायला हवं. हुकमाची प्रमाणित प्रत अपोस्टिल (दुसऱ्या देशात कागद चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) करून ठेवा. नाशिकच्या एखाद्या वकिलाकडून मसुदा एकदा नजरेखालून घालवून घ्या.

तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट मी आधी मांडेन. घटस्फोटाचा हुकूम झाला की तुमच्या एच-४ चा आधार जातो. तेव्हा हुकमाची तारीख ठरवण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला. नोकरी, शिक्षण किंवा दुसरा व्हिसा, काहीतरी हातात येईपर्यंत दोघांनी थांबायचं हेही त्या टेबलावर ठरू शकतं. असं थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. दुसरं मुलाचं. मुलं एकतर्फी दुसऱ्या देशात नेण्याविरुद्धच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, म्हणून नवऱ्याला धास्ती वाटेल की तुम्ही नाशिकला गेलात तर मुलगा परत येणार नाही. ती धास्ती रागाने उडवून लावू नका. नाशिकची सुट्टी किती आठवड्यांची, परतीचं तिकीट कोण काढणार, पासपोर्ट कुणाकडे, आजीकडे असताना बाबांचा व्हिडिओ कॉल भारतातल्या किती वाजता, हे सगळं लिहा. वेळ दोन्ही देशांच्या घड्याळाने लिहा, मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडचं घड्याळ सरकतं.

प्रश्न : ताईसाहेब, माझं वय ७४. मुलगा-सून वेगळे होत आहेत. नातू सहा वर्षांचा, सुनेबरोबर साताऱ्याला असतो. मी त्याला सायकल शिकवत होतो, चार महिने झाले त्याला पाहिलं नाही. पेन्शनमधून शिल्लक टाकलेले पैसे आहेत. मोठ्यातला मोठा वकील देऊन नातवाचा ताबा मिळवता येईल का? – एक आजोबा, कोल्हापूर

उत्तर : दादा, पैसे राहू द्यात. सहा वर्षांचा मुलगा आईजवळ आहे, नीट आहे. आईवडील असताना आजोबांना ताबा मिळणं फार अवघड, आणि त्या लढाईत सूनबाई तुमचं तोंड बघायच्या नाहीत. तुम्हाला ताबा नकोच आहे. तुम्हाला नातू भेटायला हवा आहे.

मुलगा आणि सून अजून अटी लिहीत असतील, तर त्यात एक ओळ घालायला सांगा : दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते पाच नातू आजी-आजोबांबरोबर, आणण्या-सोडण्याची जबाबदारी आजोबांची. ही ओळ सुनेच्या संमतीने आली पाहिजे, म्हणून तिला तुम्हीच फोन करा. मुलाकरवी निरोप नको, विहीणबाईंकरवी तर नकोच. घडलं त्याबद्दल एक शब्द बोलू नका, तुमच्या मुलाची बाजू मांडू नका. म्हणा, "पोरी, सायकल अर्धवट राहिलीय, साताऱ्याला येऊन तासभर शिकवून जाऊ का? तू समोर बस." पहिल्या वेळी तासभरच थांबा आणि सांगितलेल्या वेळेला उठा. नातवाने विचारलं, "बाबा कुठेत?" तर "बाबा कामाला गेलेत, त्यांनी तुला पापा पाठवलाय," एवढंच.

सायकलची मागची छोटी चाकं निघाली की मला कळवा.